पास्काचा सण आणि मुलांचे हात

मार्च सरत आला की आपल्या बेळगाव-निपाणी भागातील घराघरांत कामांची गर्दी होते. शाळूची मळणी उरकून कडब्याच्या गंज्या रचायच्या असतात. तंबाखू चाळून पोत्यांत भरायची असते. उन्हाळी भाजीला पाणी द्यायचे असते. त्यातच शाळांच्या परीक्षा संपत येतात आणि लहान मुले दिवसभर घरी राहू लागतात. याच दिवसांत पवित्र आठवडा येतो आणि त्याच्या मागून पास्काचा, म्हणजे ईस्टरचा सण येतो. आईवडिलांचे हात कामात गुंतलेले आणि मुलांचे हात मोकळे, अशी घरोघरची स्थिती असते.

मोकळा हात काही ना काही शोधतोच. तो कधी तंबाखूच्या सुपात जातो, कधी दाराला रंग देऊन उरलेल्या डब्यात, तर कधी पेरणीतून उरलेल्या बियाण्याच्या पिशवीत. त्याला रागावून दूर करण्यापेक्षा योग्य काम देणे बरे. सणाच्या आधीचा आठवडा अशा कामाला फार सोयीचा आहे. लहान मुलांना घरच्या घरी करता येतील अशा चार वस्तू येथे दिल्या आहेत. त्यांना लागणारे बहुतेक साहित्य स्वयंपाकघरात, परसात किंवा रानात सापडते. बाजारातील थर्माकोलची व प्लॅस्टिकची अंडी आणण्याची गरज नाही.

आधी एक नियम

लहान मूल ज्या वस्तूला हात लावते तिची चव ते घेतेच. तीन वर्षांच्या मुलाला ‘तोंडात घालू नकोस’ असे दहा वेळा सांगून उपयोग होत नाही. म्हणून साहित्य निवडतानाच मोठ्यांनी विचारावे : हे मुलाच्या तोंडात किंवा डोळ्यात गेले तर काय होईल? हळद, कांद्याची साल, कणकेची खळ यांची भीती नाही. पण पुढील पाच गोष्टी मुलांच्या कामाच्या जागी मुळीच नसाव्यात.

पहिली गोष्ट तंबाखू. आपल्याकडे अनेक घरांत आई किंवा आजी मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. मुलाने कागद कापायला कात्री मागितली की तीच कात्री पटकन हातात दिली जाते आणि तेच सूप रंगाची भांडी ठेवायला घेतले जाते. असे करू नये. तंबाखूतील निकोटीन हे विष आहे. ओल्या कातडीतून ते अंगात भिनते. ओली पाने तोडणाऱ्या मजुरांना मळमळ, चक्कर व घाम येतो तो यामुळेच. मोठ्या माणसाला जे झेपते ते दोन वर्षांच्या मुलाला झेपत नाही. विड्यांचे काम करून उठल्यावर साबणाने हात धुवावेत, जमल्यास वरचे वस्त्र बदलावे आणि मगच मुलांसोबत बसावे. मुलाने तंबाखू गिळली असे वाटले, त्याला लाळ सुटली, उलटी झाली किंवा ते पांढरे पडले, तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याच्या भानगडीत पडू नये. त्याला तडक दवाखान्यात न्यावे आणि काय गिळले ते डॉक्टरांना सांगावे.

दुसरी गोष्ट चुना. तंबाखूबरोबर घरात चुन्याची डबी किंवा ट्यूब असते. मूल ती दाबते आणि चिळकांडी थेट डोळ्यात उडते. चुना डोळ्याचा पडदा जाळतो आणि कायमची दृष्टी जाऊ शकते. असे झालेच तर क्षणही न दवडता डोळा उघडा धरून स्वच्छ पाण्याने निदान वीस मिनिटे धुवावा, डोळ्यातील चुन्याचे कण ओल्या फडक्याच्या टोकाने काढावेत आणि मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. आधी धुणे, मग प्रवास, हा क्रम विसरू नये.

तिसरी गोष्ट ऑइलपेंट आणि रंगपंचमीचे उरलेले रंग. जुन्या रंगांत शिसे असते. शिसे थोडे थोडे पोटात गेले तरी मुलांच्या मेंदूच्या वाढीला धोका पोहोचतो आणि ते नुकसान भरून येत नाही. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे असा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीचा डबा माळ्यावर पडून असेल तर तो मुलांच्या हाती लागू देऊ नये. रंगपंचमीचे सुटे रंग कशापासून बनले हे कळायला मार्ग नसतो. अंड्याच्या टरफलाला बारीक छिद्रे असतात. त्यांतून रंग आत शिरतो आणि तेच अंडे मूल खाते.

चौथी गोष्ट बियाणे. पेरणीसाठी आणलेल्या बियाण्याला थायरमसारखे बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेले असते. ते ओळखू यावे म्हणूनच त्याला गुलाबी, लाल किंवा हिरवा रंग दिलेला असतो. मुलांना हा रंग गोळीसारखा आकर्षक वाटतो. मुलांच्या पेरणीला डब्यातील खाण्याचेच धान्य घ्यावे.

पाचवी गोष्ट बारीक टणक दाणे. हरभरा, शेंगदाणा, मणी यांनी डोळे आणि नक्षी करण्याची पुष्कळांना सवय असते. तीन वर्षांच्या आतील मूल हे दाणे नाकात घालते किंवा हसताना श्वासाबरोबर आत ओढते. नाकात गेलेला हरभरा ओलाव्याने फुगतो. पिनेने कोरून तो आणखी आत ढकलू नये, डॉक्टरांकडे जावे.

एवढी काळजी घेतली की पुढचे सारे काम आनंदाचे आहे.

१. कांद्याच्या सालीत रंगवलेली अंडी

पास्काच्या सणाशी अंड्याचा संबंध जुना आहे. मध्ययुगात युरोपात उपवासकाळात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत. कोंबड्या मात्र अंडी घालीतच असत. चाळीस दिवसांत साठलेली अंडी सणाला रंगवून वाटण्याची पद्धत पडली. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या हिशेबात सणाला वाटायच्या ४५० अंड्यांसाठी १८ पेन्स खर्च पडल्याची नोंद आहे. पोप सहावे पौल यांच्या १९६६ सालच्या नियमांप्रमाणे मांसत्यागाच्या दिवशी अंडी चालतात, पण सणाचे अंडे मात्र राहिले. बंद, दगडासारखे दिसणारे टरफल फुटून आतून जिवंत पिल्लू बाहेर येते. रिकाम्या कबरेची गोष्ट मुलांना समजावायला याहून सोपी खूण नाही.

साहित्य : सहा अंडी, आठ-दहा कांद्यांची कोरडी साल, एक लिटर पाणी, दोन मोठे चमचे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, जुन्या मऊ धोतराचे किंवा साडीचे तुकडे, दोरा आणि लहान पाने. पानांमध्ये चिंचेचा पाला, कोथिंबीर आणि शेवग्याची पाने सर्वांत चांगली उमटतात.

कृती : आठवडाभर आधीपासून कांद्याची साल एका बुट्टीत साठवण्याचे काम मुलांकडे द्यावे. आदल्या दिवशी मोठ्या माणसाने साल पाण्यात अर्धा तास उकळावी, पाणी गाळून पूर्ण थंड करावे आणि त्यात व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घालावा. मुलांनी धुतलेले अंडे ओले करून त्यावर पान चिकटवावे. अंडे कापडात घट्ट गुंडाळून दोन्ही टोके दोऱ्याने बांधावीत. कापड सैल राहिले तर पानाखाली रंग शिरतो आणि नक्षी पुसट होते. बांधलेली अंडी थंड रंगात ठेवून मग पातेले चुलीवर चढवावे. उकळी आल्यावर दहा ते बारा मिनिटे शिजवावीत आणि बाहेर काढून स्वच्छ थंड पाण्यात टाकावीत. निवल्यावर दोरा मुलानेच सोडावा. तांबूस अंड्यावर फिकट पानाची शीर न् शीर उमटलेली दिसते तेव्हा मुलाचा चेहरा पाहण्यासारखा असतो. शेवटी खाण्याच्या तेलाचे एक बोट फिरवले की अंड्याला चकाकी येते.

हा रंग का बसतो हेही मोठ्या मुलांना सांगावे. टरफल हे चुनखडीच्याच जातीचे, कॅल्शियम कार्बोनेटचे असते. आंबट पाण्याने त्याचा वरचा थर किंचित विरघळून खरबरीत होतो आणि रंग धरून ठेवतो. आंबटपणा जास्त झाला तर टरफल खडबडीत होते. याची गंमत पाहायची असेल तर एक कच्चे अंडे दोन दिवस व्हिनेगरमध्ये ठेवावे. टरफल पूर्ण विरघळून नुसत्या पडद्यात धरलेले मऊ अंडे हाती येते. ते अर्थात खाण्यासाठी नाही.

इतर रंगही घरातच आहेत. अर्धा लिटर पाण्यात दोन चमचे हळद उकळली की पिवळा रंग मिळतो. त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर लालसर छटा येते. चहाच्या चोथ्याने तपकिरी रंग येतो. जांभळ्या कोबीच्या पाण्याने पांढऱ्या अंड्याला निळा रंग चढतो, परंतु त्याला कित्येक तास लागतात. गावरान कोंबडीचे अंडे मुळातच मातकट असते. त्यावर कांद्याचा रंग गडद व सुंदर दिसतो, पण निळा उठत नाही. हळदीच्या थंड पाण्यात रंगवायचे असेल तर उकडून थंड केलेल्या अंड्यावर मुलाला पांढऱ्या मेणबत्तीने रेघा काढू द्याव्यात. मेणाखाली रंग बसत नाही. पाणी गरम असेल तर मेण वितळून रेघ जाते, म्हणून थंड पाणीच हवे. युक्रेनमध्ये मेणाने अंड्यावर नक्षी लिहिण्याची कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्या अंड्यांना तेथे पिसांका म्हणतात. २०२४ साली युनेस्कोने ती मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. तेथेही मुले आजीजवळ बसूनच हे शिकतात.

खाण्याविषयी : आपल्याकडे एप्रिलचे ऊन पस्तीस अंशांच्या पुढे जाते. अशा हवेत उकडलेले अंडे एक-दोन तासांहून अधिक बाहेर राहिले तर ते खाऊ नये. सणाला खायची अंडी आदल्या रात्री रंगवून फ्रिजमध्ये ठेवावीत. फ्रिज नसेल तर पहाटे रंगवून सकाळीच खावीत. बलक घट्ट होईपर्यंत शिजवावे. तडकलेले अंडे शोभेसाठी ठेवू नये, शिजल्याबरोबर खाऊन टाकावे. दिवसभर मांडून ठेवण्यासाठी नुसती टरफले वापरावीत.

उकळते पातेले मुलांपासून दूर, चुलीच्या आतल्या बाजूला ठेवावे. चटका बसलाच तर भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे थंड पाणी सोडावे. टूथपेस्ट, शाई, हळद किंवा तूप लावू नये.

२. टरफलातील पेरा आणि पास्काची बाग

आमलेटासाठी अंडे फोडताना वरचा एक तृतीयांश भागच काढावा. राहिलेली वाटी धुऊन पाच मिनिटे पाण्यात उकळावी आणि तळाशी सुईने एक भोक पाडावे. फुंकून अंडे रिकामे करण्याचा खेळ मुलांना करू देऊ नये. कच्च्या अंड्यातील जंतू तोंडात जाऊन हगवण लागू शकते.

झावळ्यांच्या रविवारी मिस्साहून घरी आल्यावर पेरणी करावी. म्हणजे पुढच्या रविवारी, सणादिवशी, हिरवे रोप उभे राहते. पास्काची तारीख दर वर्षी बदलते. वसंतातील २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार हा पास्काचा, असे गणित आहे. त्यामुळे हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल या दिवसांत केव्हाही येतो. २०२६ साली तो ५ एप्रिलला, तर २०२७ साली २८ मार्चला आहे. मुलांना रात्री अंगणात नेऊन वाढता चंद्र दाखवावा आणि ‘गोल झाला की पुढच्या रविवारी सण’ असे सांगावे. दिवस मोजायला ती आपोआप शिकतात.

शनिवारी रात्री मूठभर गहू भिजत घालावा. मेथी किंवा मोहरी भिजवली नाही तरी चालते. रविवारी चाळलेली माती आणि जुने कुजलेले शेणखत निम्मे निम्मे घेऊन टरफल तीन बोटे भरावे. नुकतेच औषध मारलेल्या रानातील माती आणू नये. वर बी पसरून मातीचा पातळ थर द्यावा आणि चमच्याने पाणी घालावे. तांब्याने पाणी घातले की बी वाहून एका कडेला जमते. हे मुलाला एकदा होऊ द्यावे, दुसऱ्यांदा तेच जपून घालते. उन्हाळ्यात मेथी दोन-तीन दिवसांत डोके वर काढते. गव्हाचे कोंब आठवड्यात चार-पाच बोटे उंच होतात. सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावे. दुपारच्या उन्हात टरफल ठेवू नये, माती तापून बी मरते.

एक टरफल उजेडात आणि एक टोपलीखाली अंधारात ठेवावे. उजेडातील गहू हिरवा होतो. अंधारातील गहू उंच वाढतो, पण पिवळा व लेचापेचा राहतो. पानातील हिरवा रंग उजेडावाचून तयार होत नाही, हे मूल स्वतःच्या डोळ्यांनी पाहते. नवरात्रात शेजारच्या घरी घटाभोवती उगवलेले पिवळसर अंकुर आपल्या मुलांनी पाहिलेले असतात. इटलीतील सिसिली आणि सार्डिनिया या बेटांवरही ख्रिस्ती लोक असाच अंधारात वाढवलेला पिवळा गहू पवित्र गुरुवारी वेदीपुढे ठेवतात. आपल्या शेजारच्या गोव्यात नाताळच्या गोठ्यासाठी नाचणी आणि गहू उगवतात. मातीत पडलेला दाणा मरून अनेकपटींनी उगवतो हा शुभवर्तमानातील दृष्टांत शेतकऱ्याच्या मुलाला या टरफलात प्रत्यक्ष दिसतो.

मोठ्या परातीत किंवा फुटक्या घमेल्यात हीच बाग मांडता येते. एका बाजूला मातीचा उंचवटा करून त्यात नारळाची अर्धी करवंटी आडवी रोवावी. ही झाली कबर. तिच्या तोंडाशी मुलाने शोधून आणलेला गोल धोंडा ठेवावा. उंचवट्यावर काटक्यांचे तीन क्रूस रोवावेत आणि भोवती गहू पेरावा. पास्काच्या पहाटे मुले उठण्यापूर्वी आईने किंवा वडिलांनी धोंडा बाजूला सरकवून करवंटीत पांढऱ्या कापडाची घडी ठेवावी. बाकी काही सांगण्याची गरज पडत नाही, मुलेच धावत येऊन सांगतात.

३. शाळूच्या ताटाचा क्रूस आणि कोकरू

गोकाकच्या कारागिरांची लाकडी फळे व खेळणी प्रसिद्ध आहेत. ती कला मोठ्यांची. शाळूच्या ताटाची बैलगाडी आणि चष्मा करण्याची कला मात्र आपल्या भागातील मुलांची स्वतःची आहे. आजोबांना विचारले तर ते अजून करून दाखवतील. त्याच हातोटीने सणाच्या वस्तू होतात.

कडब्यातील पूर्ण वाळलेले, काळी बुरशी नसलेले ताट घ्यावे. हिरवे ताट घेऊ नये. कोवळ्या व पाण्याच्या ताणात वाढलेल्या हिरव्या ज्वारीत विष असते. ती खाऊन जनावरे दगावतात हे शेतकऱ्याला ठाऊकच आहे. मुले ताट चघळतात, म्हणून येथे अधिक सावध राहावे. ताटाची वरची साल मोठ्या माणसाने काढून द्यावी. तिच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात. साल चिरून बोटभर लांबीच्या काड्या कराव्यात आणि आतील मऊ भेंडाचे तुकडे करावेत. काडी भेंडात टोचली की घट्ट बसते, खिळा किंवा डिंक लागत नाही.

क्रूसासाठी एक वीतभर आणि एक अर्ध्या वितीचा भेंडाचा तुकडा घ्यावा. आडवा तुकडा उभ्यावर ठेवून दोऱ्याने फुलीसारखे वेढे द्यावेत. शहापूरच्या मागांवरचा रंगीत सुताचा उरलेला तुकडा कोणाकडे असेल तर क्रूस अधिक शोभतो. कोकरासाठी चार बोटे लांबीचे भेंड हे अंग, त्याहून लहान तुकडा हे डोके आणि चार काड्या हे पाय. अंगावर कणकेची खळ लावून कापूस चिकटवावा. खळ करण्यासाठी दोन चमचे कणीक वाटीभर पाण्यात कालवून दाट होईपर्यंत शिजवावी. ती पोटात गेली तरी अपाय नाही. डोळ्यांना मणी लावू नयेत, कोळशाचा ठिपका पुरतो.

झावळ्यांविषयी एक सूचना. मिस्सात आशीर्वादित केलेली झावळी खेळायला देऊ नये. ती घरात जपून ठेवावी, कारण तिचीच राख पुढील वर्षी राखेच्या बुधवारी कपाळी लागते. विणकामासाठी नारळाची वेगळी पाती घ्यावीत. नारळ नसेल तर केरसुणीला लागणारी शिंदीची पाने चालतात. त्यांची टोके सुईसारखी असतात, ती आधी कापून टाकावीत.

४. मातीची पाखरे

बेंदराला आपली मुले मातीचे बैल करतातच. तोच हात पास्काला कोकरू, कोंबडी आणि पाखरे करू शकतो. माती मात्र पाहून घ्यावी. नुसती काळी माती ओली असताना फुगते आणि वाळताना आकसते, त्यामुळे वस्तूला भेगा पडतात. खानापूर भागातील चिकणमाती कुंभारकामासाठी नावाजलेली आहे आणि ग्रामीण कुंभारकामाची मध्यवर्ती संस्थाही तेथेच आहे. गावातील कुंभाराकडून ओंजळभर माती मागून आणली तर उत्तम. ती न मिळाल्यास काळ्या मातीत निम्मी तांबडी चाळलेली माती मिसळावी आणि थोडा पिंजलेला कापूस घालून मळावी. कापसाचे तंतू माती धरून ठेवतात.

माती रात्रभर भिजवून कणकेसारखी मळण्याचे काम दोन वर्षांचे मूलही तास न् तास करते. डोळे, पंख, चोच काडीने टोचून काढावेत. वस्तू सावलीत तीन-चार दिवस वाळवावी. उन्हात ठेवली तर वरचा थर आधी वाळून तडकतो. पांढऱ्या रंगासाठी चुना वापरू नये, तांदळाच्या पिठाची पेज लावावी. पिवळ्यासाठी हळद आहेच. माती आणि शेणखत हाताळल्यावर मुलांचे हात, विशेषतः नखे, साबणाने धुवावीत. हातापायाला ताजी जखम असेल तर त्या दिवशी मातीकाम देऊ नये. मुलाची धनुर्वाताची लस पूर्ण झाली आहे ना, हे या निमित्ताने पाहून घ्यावे.

कोणत्या वयाला कोणते काम

तीन वर्षांच्या आतील मुलाला माती मळणे, चमच्याने पाणी घालणे आणि कांद्याची साल गोळा करणे एवढेच द्यावे. तीन ते पाच वर्षांचे मूल बी पेरते, अंड्यावर पान चिकटवते आणि कापूस लावते. त्यापुढील मुले गाठ मारतात, क्रूस बांधतात आणि रोपाची उंची मोजतात. मोजण्यासाठी टरफलाशेजारी शाळूची एक काडी रोवावी आणि रोज सकाळी रोपाच्या टोकाशी कोळशाची खूण करावी. सुरी, सुई, चूल आणि उकळते पाणी ही कामे मोठ्यांचीच.

एका बैठकीत एकच वस्तू घ्यावी. लहान मूल पंधरा-वीस मिनिटांत कंटाळते आणि ते स्वाभाविक आहे. उरलेले उद्या करावे. घरात एकापेक्षा जास्त मुले असतील तर प्रत्येकाला स्वतःचे टरफल द्यावे, म्हणजे भांडण होत नाही. भाऊ मातीत आणि बहीण झाडू घेऊन, अशी वाटणी करू नये. दोघांनी करावे आणि दोघांनी आवरावे.

मोठ्यांनी एक पथ्य पाळावे : आपला हात आवरावा. मुलाचे कोकरू कुत्र्यासारखे दिसले तरी ते सुधारायला जाऊ नये. ‘दे, मी नीट करून देते’ असे आईने म्हटले की वस्तू नीटस होते, पण ती मुलाची राहत नाही. शेजाऱ्यांच्या मुलाशी तुलनाही करू नये. ‘हे कसे केलेस?’ असे विचारावे आणि त्याचे उत्तर शेवटपर्यंत ऐकावे. घरात कोकणी, मराठी किंवा कन्नड कोणतीही भाषा असो, कामाबरोबर शब्दही येतात. वडिलांनीही दिवसातून अर्धा तास खाली बसावे. रानातून आल्यावर मुलाचा गहू किती वाढला हे त्यांनी विचारले तर मुलाला त्याचे फार अप्रूप वाटते.

सण झाल्यावर

पास्काच्या दिवशी मुलांनी रंगवलेले एक-एक अंडे शेजारच्या घरी आणि गावातील आजारी माणसाला नेऊन द्यावे. हे काम मुलांच्या हातूनच व्हावे. अंडे त्याच सकाळचे असावे एवढे पाहावे.

सण उलटला की टाकून देण्यासारखे काही उरत नाही. गहू आणि मेथी टरफलासकट परसातील वाफ्यात लावता येते. तळाशी टरफल थोडे चुरडावे म्हणजे मुळांना वाट मिळते. टरफलातील कॅल्शियम हळूहळू मातीत मिसळते. रिकामी टरफले कुटून खताच्या खड्ड्यात घालावीत. शाळूच्या भेंडावरील दोरा व कापूस काढून तेही खड्ड्यात जाते. मातीची पाखरे मुलांनी ठेवली तर ठेवू द्यावीत, नाही तर भिजवून पुन्हा गोळा करावा, बेंदराच्या बैलांना तो उपयोगी पडेल. थर्माकोलचे मात्र असे नसते. ते कुजत नाही आणि जाळले तर त्याचा काळा धूर मुलांच्याच छातीत जातो.

या आठवड्यासाठी पैसा जवळजवळ लागत नाही. रोजचा अर्धा तास, धुतलेले हात आणि तंबाखू, चुना, रंग व बियाणे उंच फळीवर ठेवण्याची दक्षता एवढेच लागते. ती फळी आजच पाहून घ्यावी. कांद्याची साल साठवायलाही आजपासूनच आरंभ करावा.

सर्व बालगोपाळांना आणि त्यांच्या आईवडिलांना पास्काच्या सणाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.